चित्रातला सूर्य खरोखर उजळ आहे का?

सीन नदी समुद्राला मिळते तिथे फ्रान्समधले ल आव्र हे बंदर आहे. तिथली एक धुकट सकाळ क्लोद मोने या चित्रकाराने १८७२ साली रंगवली. निळसर-राखाडी पाणी, त्यावर लहान होड्या, मागे डोलकाठ्यांच्या पुसट आकृत्या आणि एक छोटा नारिंगी सूर्य. चित्राचे नाव 'इम्प्रेशन, सूर्योदय'. १८७४ साली ते पॅरिसच्या प्रदर्शनात लागले. एका समीक्षकाने त्या नावाची थट्टा केली आणि त्यातूनच या शैलीला 'इम्प्रेशनिझम' हे नाव पडले. मराठीत आपण तिला दृक्‌प्रत्ययवाद म्हणतो.

चित्रातला सूर्य किंचित थरथरतो आहे असे वाटते. असे का व्हावे?

यासाठी रंगाचे दोन गुण वेगळे करू या: त्याची छटा आणि त्याचा उजळपणा. खरा सूर्य आकाशाहून कितीतरी पटींनी प्रखर असतो. कॅनव्हासवरचा रंग मात्र स्वतः प्रकाश देत नाही. पडलेला प्रकाश परतवतो. त्यामुळे पांढऱ्याशुभ्र रंगानेही सूर्याची प्रखरता साधत नाही. मोनेने वेगळेच केले. निळसर आकाशात त्याच्या विरोधी छटेचा, म्हणजे नारिंगी सूर्य ठेवला. पण उजळपणा जवळजवळ आकाशाइतकाच. या चित्राची कृष्णधवल प्रत पाहिली, तर सूर्य जवळपास नाहीसा होतो!

मार्गारेट लिव्हिंग्स्टन या अमेरिकन चेताशास्त्रज्ञ याचा संबंध मेंदूशी जोडतात. आपल्या मेंदूत पाहण्याचे काम ढोबळमानाने दोन वाटांनी चालते. एक वाट रंग आणि वस्तू ओळखते. दुसरी रंगाकडे फारसे लक्ष न देता, उजळपणातल्या फरकावरून वस्तू कुठे आहे, हलते की स्थिर आहे, हे ठरवते. मोनेचा सूर्य पहिल्या वाटेला ठळक दिसतो, दुसरीला जेमतेम. सूर्य आहे हे कळते, पण त्याची जागा पक्की होत नाही. धुक्यातल्या सकाळीही आपल्याला असेच वाटते: सारे दिसते, पण ठाम काहीच नाही. चित्राचा भाव इथून येतो. मोनेला मेंदूतल्या या वाटा ठाऊक नव्हत्या. त्याच्यापाशी होते ते बारकाईने पाहणे.

वर्गात हे करून पाहता येईल. निळसर-राखाडी कागदावर नारिंगी पोस्टर रंगाचे पाच-सहा ठिपके द्या, फिक्यापासून गडदापर्यंत. मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र घ्या. त्यात जो ठिपका हरवेल, तो कागदावर पुन्हा निरखायला मुलांना सांगा. बाकीच्या ठिपक्यांपेक्षा तो वेगळा वाटतो का, हे त्यांनाच ठरवू द्या.