दिल्ली फोड आणि त्यावरील लस

दिल्ली फोड हे नाव आता फारसे कोणी उच्चारीत नाही. पण तो व्रण काही नाहीसा झालेला नाही. बिकानेरकडे तो आजही आढळतो. इराणात त्यास ‘सालक’ म्हणतात. साल म्हणजे वर्ष. फोड भरून यावयास बहुधा तेवढा काळ लागतो. त्याने प्राण जात नाही, परंतु गालावरचा वण जन्मभर राहतो, आणि एखाद्या मुलीच्या बाबतीत हे दुःख कातडीपुरते राहत नाही.

म्हणूनच पश्चिम आशियातील आया पूर्वी एक धाडस करीत. दुसऱ्याच्या वाहत्या फोडातील द्रव त्या आपल्या बालकाच्या नितंबावर टोचीत. हेतू एवढाच, की झाकलेल्या जागी वण पडावा आणि चेहरा वाचावा. एकदा येऊन गेलेला फोड सहसा पुन्हा येत नाही, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकावाचून हेरले होते.

या रोगाचे मूळ म्हणजे लाइश्मानिया हा एकपेशीय परजीवी. तो वाळूमाशीच्या दंशातून कातडीत शिरतो. तेथील भक्षक पेशी त्यास गिळतात, आणि तो त्यांच्याच पोटात वाढू लागतो. चोराने चौकीतच बिऱ्हाड थाटावे, तसा हा प्रकार. रक्तातील प्रतिपिंडे तेथवर पोहोचत नाहीत. टी-पेशींनी इंटरफेरॉन सोडून इशारा दिला, म्हणजे भक्षक पेशी नायट्रिक ऑक्साइड निर्माण करून आतल्या शत्रूस मारतात. उंदरांच्या एका जातीत टी-पेशी भलताच इशारा देतात. तिच्यातील फोड भरून न येता पसरत जातो.

खरी गंमत पुढेच आहे. व्रण भरला तरी थोडे परजीवी मागे उरतात, आणि त्यांच्यामुळेच पहारा जागा राहतो. उंदरांच्या शरीरातून ते समूळ नाहीसे झाले, तेव्हा प्रतिकारशक्तीही ओसरली. मेलेल्या परजीवींच्या लसीने इराणात निराशा का केली, याचा काहीसा उलगडा यावरून होतो. उलट १९८०–८८ च्या युद्धकाळात त्याच देशात सुमारे २० लाख लोकांना जिवंत परजीवी टोचण्यात आले. त्याचा उपयोग झाला. परंतु काहींच्या अंगावरील फोड दीर्घकाळ भरेनात, आणि तो मार्ग सोडावा लागला.

लस जिवंत हवी, पण फोड आणणारी नको, असा हा पेच आहे. २०२० साली संशोधकांनी परजीवीतील सेंट्रिन नावाचे एक जनुक काढून टाकले. असा परजीवी उंदरास टोचल्यावर फोड आला नाही, आणि पुढे रोगवाहक वाळूमाशी चावली तरी संरक्षण टिकले. माणसासाठी मान्यता मिळालेली लस मात्र अद्याप एकही नाही.