‘ऑब्लिक’ : एका इंग्रजी विशेषणाचा अर्थ व उपयोग

प्रस्तुत टिपणात ‘ऑब्लिक’ या इंग्रजी विशेषणाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी ‘तिरकस’ हा प्रतिशब्द सहज सुचतो; परंतु तो सर्वत्र चालत नाही. भूमितीत जी रेषा दुसरीस समांतर नाही आणि लंबही नाही, ती ऑब्लिक. म्हणजे येथे संदर्भरेषा महत्त्वाची. पिसाचा मनोरा सुमारे ४ अंशांनी कललेला असूनही इंग्रजी भाषक त्यास ‘लीनिंग’ म्हणतो. त्या शब्दात भार व तोल यांची जाणीव आहे. पृथ्वीच्या अक्षाच्या सुमारे २३.४ अंशांच्या कलास मात्र ‘ऑब्लिक्विटी’ हे नाम लावतात.

खरी अडचण लाक्षणिक अर्थाची आहे. ‘ऑब्लिक रेफरन्स’ म्हणजे नाव न घेता, आडवळणाने केलेला उल्लेख. त्यात उपरोध असेलच असे नाही. मराठीतील ‘तिरकस’ बोलण्यात तो बहुधा असतोच. विद्यार्थ्याने ‘तिरकस उल्लेख’ असे भाषांतर केले, की मूळ लेखकाच्या संयमाचा टोमणा होतो (आणि परीक्षकही पुष्कळदा गुण देऊन मोकळा होतो!). येथे ‘अप्रत्यक्ष’ अधिक योग्य.

व्याकरणात चित्र आणखी निराळे आहे. ग्रीक परंपरेत विभक्तीस ‘पडणे’ या अर्थाचा शब्द होता. प्रथमा ताठ, इतर विभक्ती कललेल्या, अशी ती कल्पना. ‘घोडा’चे ‘घोड्याला’ होताना येणारे ‘घोड्या’ हे रूप म्हणूनच इंग्रजी ग्रंथांत ‘ऑब्लिक’ ठरते. आपण त्यास सामान्यरूप म्हणतो. तेथे ‘तिरके रूप’ लिहिणे हास्यास्पदच होईल.