मचाणावरील विवेक

चेन्नईच्या गिंडी भागात राज्यपालांच्या निवासस्थानाला लागून सुमारे २७० हेक्टरांचे एक लहानसे वन आहे. भोवती महानगराची वर्दळ अहोरात्र चाललेली असते आणि आत काळवीट व चितळ निवांत चरत असतात. ब्रिटिश अमदानीत हे मद्रासच्या गव्हर्नरांचे राखीव शिकारी रान होते. १९७८ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. १९५९ मध्ये याच रानाचा काही भाग घेऊन आय. आय. टी. स्थापन झाली, तिच्या आवारात विद्यार्थ्यांच्या वाटेवर आजही चितळ आडवे येते. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, आणि हौसेखातर हरीण मारण्याची परवानगी कोणाही नागरिकास उरली नाही. हे योग्यच झाले.

मग मचाणाचा विषय आज कशासाठी, असे आपण विचाराल. बंदूक गेली तरी मचाण गेलेले नाही, हे त्याचे उत्तर. महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबा, मेळघाट यांसारख्या रानांत पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर हौशी मंडळी प्राणी पाहावयास बसतात. विदर्भातील शेतकरी तर पीक राखण्यासाठी माळ्यावर कित्येक रात्री काढतो. या सर्वांस जुन्या शिकाऱ्यांचे नियम अजून लागू पडतात.

पहिला धोका श्वापदाचा नव्हे, पडण्याचा. अमेरिकेत आजही झाडावर बसून हरणाची शिकार करण्याची प्रथा आहे. तेथे अशा शिकाऱ्यांना होणाऱ्या गंभीर दुखापतींचे प्रमुख कारण झाडावरून पडणे हेच आहे. म्हणून तेथील जाणते शिकारी जमिनीवरून पाय उचलण्यापूर्वीच अंगाला पट्टा बांधतात आणि बंदूक मागाहून, रिकामी करून, तोंड जमिनीकडे ठेवून दोरीने वर ओढून घेतात. आपणही दुर्बीण, पाण्याची बाटली व फराळाचा डबा असाच वर घ्यावा. चढताना दोन्ही हात मोकळे हवेत. एक पावसाळा खाल्लेल्या सुंभावर किंवा फळीवर भरवसा ठेवू नये. मचाण दिवसाउजेडी तपासावे. पहाटे तीनच्या सुमारास येणारी डुलकी मात्र कोणत्याही तपासणीत सापडत नाही. तिच्यासाठी पट्टाच हवा.

दुसरा नियम अधिक कठीण, कारण तो मनाला बांधावयाचा असतो. पाचोळा वाजला म्हणून नेम धरू नये. विजेरीच्या झोतात दोन डोळे चमकले म्हणून तर मुळीच नाही. गाय, कुत्रे, चितळ, सर्वांचेच डोळे चमकतात. उन्हाळ्यात मोहाची फुले वेचावयास माणसे उजाडण्यापूर्वी रानात शिरतात. झाडाखाली वाकलेली बाई अंधारात जनावरासारखीच दिसते. म्हणून सावध शिकारी पूर्ण शरीर दिसेपर्यंत, त्यामागे काय आहे तेही कळेपर्यंत, थांबे. शंका राहिली तर गोळी राखी. रात्रभर बसून रिकाम्या हाताने परतणे त्याला कमीपणाचे वाटत नसे. जनावर जखमी झाले तरी तो रात्री माग काढावयास उतरत नसे.

आजच्या निरीक्षकाच्या हाती बंदुकीऐवजी पेन्सिल असते, पण मोह तोच. खसखस ऐकून वहीत बिबट्या लिहिणारे महाभाग असतातच! पाणी पिऊन गेलेला कळप पुन्हा आला की त्याची संख्याही दुप्पट होते. दिसले तेवढेच लिहावे.

शेतकऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या वर्षाच्या अन्नाचा प्रश्न आहे. हरणे व रानडुकरे एका रात्रीत पीक लोळवितात, आणि त्याची चीड समजण्यासारखी आहे. तरीही कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडणे हा गुन्हा आहे, आणि ती तार न पाहता मारते. माळ्यावरचा मनुष्य निदान पाहून हाकारा तरी घालतो. तारेला चितळ, शेजाऱ्याचा बैल आणि पहाटे पाणी द्यावयास निघालेला स्वतःचा मुलगा यांतला फरक कळत नाही. डबा बडवावा, गोफण फिरवावी, विजेरी मारावी, नुकसानीचा अर्ज वनखात्याकडे वेळेत करावा.

आणि रात्र संपली तरी मचाणावरून उतरण्याची घाई करू नये. वनरक्षक न्यावयास येईपर्यंत बसून राहावे. उजाडतानाच अनेक जनावरे पाण्यावर येतात.