पोटासाठी आलेल्याला परत पाठवता येतं का?

२६ एप्रिल २०२५च्या पहाटे सुरत पोलिसांनी बांगलादेशी असल्याच्या संशयावरून १३४ जणांना ताब्यात घेतलं. अशा वेळी दोन बोलणी हमखास ऐकू येतात : ‘गरिबाला कोर्ट हाकलू देत नाही’ आणि ‘परक्याला कसले हक्क?’ दोन्ही चूक.

देशात कुठेही राहण्याचा हक्क राज्यघटनेचं कलम १९ देतं, तो फक्त नागरिकांना. परदेशी माणसाला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली अमर्याद मानला. त्यापुढे दारिद्र्याची सबब टिकत नाही. युरोपातही नुसती गरिबी सहसा पुरत नाही. २०११ मध्ये एका अफगाण माणसाला ग्रीसला धाडल्याबद्दल बेल्जियम दोषी ठरलं खरं, पण तो आश्रय मागणारा होता आणि त्याची जबाबदारी असलेल्या ग्रीसनं त्याला महिनोन्‌महिने रस्त्यावर सोडलं होतं.

मात्र जगण्याचा हक्क देणारं कलम २१ नागरिक-परका असा भेद करत नाही. चकमा निर्वासितांच्या खटल्यात (१९९६) न्यायालयानं हेच बजावलं. बाहेर काढायचं तर कायद्याच्या वाटेनं.

आपल्याकडे गरिबीची खरी सुनावणी झाली ती मुंबईच्या एका खटल्यात, आणि तीही भारतीयांच्याच हद्दपारीवरून. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवासीयांना मूळ गावी धाडण्याची घोषणा केली. अर्जदारांत संगमनेरचा एक चपला शिवणारा होता. गावातलं घर कोसळलं म्हणून तो १९६९ साली मुंबईत येऊन बदली कामगार झालेला. दुसऱ्या अर्जदाराच्या कुटुंबाला झोपडं पाडून मूळ गावी, सेलमला जाणाऱ्या बसमध्ये बसवलं. कामाच्या शोधात तो पुन्हा मुंबईच्याच फुटपाथवर आला. १० जुलै १९८५ला सर्वोच्च न्यायालयाच्या ‘ओल्गा टेलिस’ निकालात उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरला. एवढंच सगळ्यांना आठवतं. फुटपाथ रिकामे करायला त्याच निकालानं मुभा दिली, पावसाळा सरेपर्यंत थांबायला सांगून, हे कुणी सांगत नाही.

म्हणजे खानदेशातून सुरतेच्या लूमवर गेलेल्याला वाचवतं ते नागरिकत्व, गरिबी नव्हे. उलट गरिबीच त्याला अडकवते. परदेशी नसल्याचं सिद्ध करण्याचा भार २०२५च्या नव्या कायद्यातही संशयितावरच आहे. आणि भाड्याच्या खोलीत दाटीनं राहणाऱ्याकडे जन्मदाखला कुठला, भाडेकरार कुठला?

अशा वेळी एक आधार आहे : कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चानं वकील मिळतो. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तशी तरतूद आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो.