राजा घाटापासून सिगऱ्याच्या गिरजाघरापर्यंत

वाराणसीत नारद घाट आणि पांडे घाट यांच्या मध्ये राजा घाट आहे. नावावरून तो काशीनरेशांचा असावा असा समज होतो. प्रत्यक्षात तो अमृतराव पेशव्यांचा. राघोबादादांचे हे दत्तक पुत्र १८०३ मध्ये इंग्रजांशी करार करून पुण्याच्या राजकारणातून बाजूला झाले आणि पुढे काशीत येऊन राहिले. घाटाचे भक्कम दगडी काम आणि वरचा वाडा यांच्यामुळेच उभा राहिला. पेशवाईच्या आधाराने उत्तरेत गेलेली अनेक मराठी कुटुंबे या शहरात स्थिरावली. कोणी वेदाध्ययनासाठी आले, कोणी चाकरीसाठी, तर कोणी केवळ काशीवासासाठी. बदलीच्या नोकरीत आम्हा बँक अधिकाऱ्यांचे होते तसेच त्यांचेही झाले असावे: सामान हलते, भाषा मात्र घरात तीच राहते.

वाराणसीच्या वास्तव्यात शाखेतील एका ख्रिस्ती सहकाऱ्याने रविवारच्या उपासनेला येण्याचे आमंत्रण दिले, तेव्हा मी सकाळी राजा घाटावरूनच निघालो. गल्लीबोळांतून गोदौलियाला आल्यावर सायकलरिक्षा केली. वाटेत जो चौक लागतो त्याचे नावच ‘गिरजाघर चौराहा’. विश्वनाथाच्या मंदिरापासून हाकेच्या अंतरावरील चौकाला चर्चचे नाव असावे आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटू नये, हा बनारसचा स्वभाव. पुढे लक्सा, गुरुबाग, रथयात्रा अशी ठिकाणे मागे टाकीत सिगऱ्याचे सेंट पॉल चर्च आले. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे हे चर्च. पुण्यातील पंचहौदाचे चर्चही त्याच संस्थेचे. म्हणजे घराणे एकच. तरीही आत बसल्यावर मला परकेपण जाणवले ते शब्दांमुळे.

मराठी ख्रिस्ती मित्रांच्या तोंडी मी ‘मंडळी’, ‘पाळक’, ‘साक्ष’, ‘शुभवर्तमान’ हे शब्द ऐकत आलो होतो. येथे त्यांच्या जागी ‘कलीसिया’, ‘पादरी साहब’, ‘गवाही’ आणि ‘सुसमाचार’ होते. ख्रिस्ताला ‘मसीह’ म्हणत आणि स्वतःला ‘मसीही’. एकाच प्रार्थनेत एक शब्द संस्कृतचा आणि पुढचा फारसी वळणाचा. मला प्रत्येक शब्द समजत होता, पण कोठे मान लवावी, कोठे उभे राहावे याचा अंदाज शेजारच्याकडे पाहूनच घ्यावा लागत होता. डोक्यावर पदर घेतलेल्या एका वृद्ध बाईंनी गीतांचे पुस्तक उघडून माझ्यापुढे सरकवले आणि ओळीवर बोट ठेवले. ढोलक आणि हार्मोनियमच्या साथीने सगळे गाऊ लागले.

या शब्दांचा प्रवास मोठा मौजेचा आहे. ‘कलीसिया’ आणि ‘गिरजा’ हे दोन्ही शब्द सभा या अर्थाच्या एकाच ग्रीक शब्दापासून निघाले. पहिला खुष्कीच्या मार्गाने, पश्चिम आशियातील भाषा आणि फारसी यांतून, उर्दूत आला. दुसरा पोर्तुगीजांच्या गलबतातून समुद्रमार्गे आला. गोव्यात ज्याला ‘इगर्ज’ म्हणतात तोच उत्तरेत ‘गिरजा’ झाला. आपल्याकडे मात्र ख्रिस्ती आशयाने मराठी रूप फार पूर्वीच धारण केले होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. जन्माने इंग्रज असलेल्या माणसाने ते मराठीत रचले. काशीतील एका मराठी कुटुंबात याच्या नेमके उलट घडले आणि त्याची सुरुवात या सिगऱ्यातच झाली.

नीलकंठ गोरे हे १८२५ मध्ये बुंदेलखंडात जन्मलेले कोकणस्थ ब्राह्मण. घराणे बांद्याच्या नवाबांच्या चाकरीतले, वाढ काशीतली, शिक्षण शास्त्रांचे. सिगरा हे तेव्हा चर्च मिशनरी सोसायटीचे ठाणे होते आणि विल्यम स्मिथ हे मिशनरी तेथे राहत. या मिशनऱ्यांना वादात जिंकावे, या हेतूने तरुण नीलकंठशास्त्री त्यांच्याकडे जाऊ लागले. जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या ग्रंथाला उत्तर म्हणून त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथही लिहिला. वाद काही वर्षे चालला. अखेर १४ मार्च १८४८ रोजी त्यांनीच बाप्तिस्मा घेतला, तोही काशीत नव्हे, जौनपूरला. नवे नाव नहेम्या. ते बरोबर होते की चूक, याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण विशीतल्या माणसाला वडील, भाऊबंद, पंगत आणि पोथी एकाच दिवशी परकी व्हावीत, ही किंमत लहान नव्हती.

गोरे यांनी ‘षड्दर्शन दर्पण’ हा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला तो हिंदीत, म्हणजे ज्या भाषेत मी त्या सकाळी गीते ऐकत होतो तिच्यात. उत्तरायुष्यात मात्र ते मराठी मुलखात आले. १८९० मध्ये टिळक, रानडे आदींनी ज्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला आणि ग्रामण्य उभे राहिले, त्या मिशनशी गोरे यांचा संबंध होता. पंडिता रमाबाईंनीही आपल्यावरील त्यांच्या प्रभावाचा उल्लेख केला आहे. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मुलीला ही परतीची वाट लाभली नाही. एलन लक्ष्मी गोरे १८५३ मध्ये बनारसला जन्मली. आई लक्ष्मीबाई लवकरच वारली. वडील पुढच्याच वर्षी महाराजा दुलीपसिंगांबरोबर इंग्लंडला गेले. एका निळीच्या मळेवाल्याने मुलीला सांभाळले. १८५७ च्या धामधुमीत त्याचे सर्वस्व गेले. मग एका इंग्रज धर्मोपदेशकाच्या कुटुंबाबरोबर ती विलायतेला गेली आणि तेथेच वाढली. तिची कविता इंग्रजी. तिचे एक भक्तिगीत इंग्रजी भाषकांच्या चर्चमध्ये जगभर गायले गेले. मोठेपणी ती भारतात परतली आणि अलाहाबादेत अनाथ मुलींच्या सेवेत राहिली.

उपासना संपल्यावर अंगणात चहा झाला. पुस्तक पुढे सरकवणाऱ्या बाईंनी विचारले, तुमच्याकडे कलीसियाला काय म्हणतात? मी ‘मंडळी’ म्हणालो. त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला. ‘ळ’ काही जमला नाही. काशीयात्रेला जाणाऱ्या वाचकांनी एखादा रविवार सिगऱ्यासाठी राखावा. गोदौलियाहून रिक्षा सहज मिळते.