आजाराचा हिशेब कोण मांडणार?

दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यातला आमचा परिचित मजूर आठवड्यातून दोन वेळा डायलिसिससाठी अकोल्याला जातो. उपचार सरकारी योजनेत होतो, दवाखान्यात पैसा लागत नाही. आम्ही सहज म्हणालो, बरे झाले, फुकटात भागते. तो हसला. म्हणाला, "दवाखाना फुकट हाये भाऊ, पन येनं-जानं फुकट नाई." मग त्याने बिडीच्या कागदावर हिशेब मांडून दाखविला. एस.टी.त त्याला सवलत आहे, पण सोबत येणाऱ्या बायकोला तिकीट लागते. परतीची गाडी चुकली की काळीपिवळी. दोघांची दोन दिवसांची मजुरी बुडते. शाळेतली पोरगी त्या दिवशी घरी राहते, कारण धाकट्याला कोणी पाहायचे? डायलिसिस फुकट असूनही सोयाबीनचा हंगाम सावकाराच्या नावावर गेलेला!

आमच्या या सातवी पास मित्राने जो हिशेब मांडला त्याला आरोग्य अर्थशास्त्र म्हणतात. औषध-तपासणीचा खर्च वेगळा, प्रवास-जेवणाचा वेगळा आणि बुडालेल्या मजुरीचा वेगळा धरायचा, हा त्या शास्त्राचा पहिला धडा. हा धडा शिकविणारी प्रशिक्षणे, कार्यशाळा देशात होतात. पण कोठे होतात, कोणत्या भाषेत होतात आणि तेथे कोण बसते, हे पाहिले म्हणजे आपण कोठे आहोत ते कळते.

मागे अकोल्याच्या एका विद्यार्थ्याने अशाच एका कार्यशाळेचा अर्ज आम्हाला दाखविला. मुलगा संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला, गुणवान. पाच दिवसांचे शिक्षण, सगळे इंग्रजीत, शुल्क त्याच्या बापाच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त, राहण्याचा खर्च वेगळा आणि वर संस्थाप्रमुखाचे शिफारसपत्र. पोरगा संस्थेतच नाही तर संस्थाप्रमुख कोठून आणणार? अर्ज घडी करून त्याने खिशात ठेवला. आता तो बँकेच्या परीक्षेची तयारी करतो.

या विषयातल्या नावाजलेल्या संस्था कोठे आहेत पाहा. लोकसंख्येचे शास्त्र शिकविणारी, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची जबाबदारी सांभाळणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९५६ पासून मुंबईत देवनारला. टाटा समाजविज्ञान संस्था तिच्या शेजारी. गोखले संस्था पुण्यात. वऱ्हाडातले आजार मोजले जातात, मोजणारे मात्र बाहेरून येतात आणि आकडे घेऊन परत जातात.

मोजण्याने काय होते असे कोणी विचारील. खारपाणपट्ट्याचेच घ्या. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. या पाण्याने किडन्या जातात असे गावोगाव सांगतात. मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात, पुढारी येऊन पाण्याचा घोट घेऊन थुंकतात, फोटो छापून येतो. साहेब विचारतो, पुरावा काय? येथे आपली चळवळ गप्प होते. शंभर रुग्णांची यादी हा पुरावा नव्हे. ते शंभर किती लोकसंख्येतले? सातपुड्याच्या पायथ्याशी, जेथे पाणी गोड आहे, तेथे त्याच वयाच्या तेवढ्याच माणसांत किती? रुग्णांपैकी किती जणांना आधीपासून मधुमेह किंवा रक्तदाब होता? उन्हात राबून अंग दुखते म्हणून वर्षानुवर्षे दुखण्याच्या गोळ्या कोण खात होते? हे प्रश्न साहेबाने टाळण्यासाठी विचारले असतील, पण प्रश्न खरे आहेत. त्यांची उत्तरे काढण्याची रीत शिकता येते. ती शिकलेली वीस पोरे तालुक्यात असती तर निवेदनाचा कागद जड झाला असता.

आकडा म्हणजे सत्यच, असे आम्ही म्हणत नाही. आकड्याच्या आधी व्याख्या येते आणि व्याख्या करणारा कोण, यावर पुष्कळ ठरते. १९७१ मध्ये दांडेकर आणि रथ यांनी माणशी रोजच्या २२५० उष्मांकांवर दारिद्र्याची रेषा ओढली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी तिला आव्हान दिले. सुखात्मे हे थोर संख्याशास्त्रज्ञ, जागतिक अन्न संघटनेत वरच्या पदावर काम केलेले. माणसाची गरज रोज सारखी नसते, शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते, म्हणून सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी धरता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. वाद मोठा विद्वत्तेचा झाला. रेषा थोडी खाली सरकविली की कोट्यवधी भुकेले कागदावर जेवलेले होतात! आणि ज्यांच्या ताटाचा हा वाद होता ते त्या वेळी रोजगार हमीवर गिट्टी फोडत होते.

आपल्याकडे आत्महत्यांचेही तेच. अमरावती विभागात २००१ पासून शेतकरी आत्महत्यांची नोंद ठेवली जाते, 'पात्र' आणि 'अपात्र' अशी. सातबारा नावावर असलेल्याच्या घरचा प्रश्न निदान त्या चाळणीपर्यंत तरी पोहोचतो. भूमिहीन मजुराने त्याच रात्री त्याच गावात तेच औषध घेतले तर तो कोणत्या रकान्यात?

मेळघाटातल्या बालमृत्यूंवर १९९३ पासून बोलले जात आहे. पण मुले किती मरतात याचा वाद आकड्यांनीच पुढे नेला. गडचिरोलीच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना जन्म-मृत्यू टिपायला आणि नवजात बाळाला जपायला शिकविले. २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला आणि सरकारी दप्तरात येणारे बालमृत्यू प्रत्यक्षापेक्षा कितीतरी कमी असल्याचे उघड झाले. सरकारला समिती नेमावी लागली. नोंद करणाऱ्या बाया फार शिकलेल्या नव्हत्या, हे विशेष.

आता एक मोठा सरकारी आकडा. आरोग्यावरील एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, असे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. आनंद आहे. पण या हिशेबात एक चोरवाट आहे. जो आजारी पडूनही दवाखान्यात गेलाच नाही, त्याचा खर्च शून्य. अंगावर दुखणे काढून मेलेली आपली आजी या शास्त्राच्या वहीत एक रुपयानेही गरीब झालेली नसते! चांगले अर्थशास्त्रज्ञ हे जाणतात आणि न घेतलेल्या उपचारांची वेगळी मोजणी करतात. पण असा प्रश्न फॉर्मवर घालायला ते घर आतून पाहिलेला माणूस लागतो.

बाबासाहेब मुळात अर्थशास्त्रज्ञ होते, हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो आणि पुढे जातो. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ चा. तो ग्रंथ आपल्या कपाटात असतो, बहुधा न उघडलेला. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचे बिल आले, तेव्हा त्यांनी पाठिंबा देताना प्रश्न कसा मांडला पाहा. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे, म्हणून तिचा पुष्कळसा भार सरकारने उचलावा, आणि मालकाचाही त्यात वाटा असावा. खर्च कोणाचा, फायदा कोणाला, ही ती मांडणी. पुढच्याच वर्षी कायदा झाला.

अमरावतीत इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ आपण जमतो आणि इर्विन दवाखान्याची रांग ओलांडून घरी जातो. ती रांग कोणी मोजली आहे? राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली त्यांत अमरावती होता. त्या योजनेला २०१७ पासून जोतीराव फुल्यांचे नाव आहे. आपल्या वस्तीतल्या किती घरांना तिचा लाभ झाला आणि किती जण रेशनकार्डातल्या नावाच्या चुकीने परतले, हे आपल्या एकाही संघटनेच्या वहीत आम्ही पाहिलेले नाही.

'बार्टी' स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालविते, अधिछात्रवृत्ती देते. तिने अमरावती आणि अकोल्यात मराठीतून दहा दिवसांचे आरोग्य अर्थशास्त्र व संख्याशास्त्राचे वर्ग घ्यावेत, ही मागणी आपण का करू नये? पुस्तके लागतीलच, पण राष्ट्रीय नमुना पाहणीची कच्ची माहिती सरकारच्या संकेतस्थळावर फुकट मिळते आणि तिचे गणित करणारे 'आर' नावाचे सॉफ्टवेअरही फुकट आहे. बार्टीची वाट न पाहता दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या विहारातही सुरुवात होईल. आशाताईंना बोलवा, त्यांच्या वह्यांत गावाचा निम्मा इतिहास आहे.

आणि घाई आहे. येत्या जनगणनेत जातीची नोंद घेण्याचे केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केले. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत. तरी प्रगणक दारात आला की धर्माच्या रकान्यात काय आणि जातीच्या रकान्यात काय लिहायचे, यावर आपल्याच घराघरांत एकमत नसते. पुढची अनेक वर्षे आजाराचे, शाळेचे, नोकरीचे दर ज्या संख्येने भागले जातील ती संख्या त्या दोन रकान्यांतून निघणार आहे. वस्तीवस्तीत हे समजावून सांगणारी माणसे आतापासून हवीत. अकोल्याच्या त्या मुलाला आम्ही परवा फोन केला. त्याने तो अर्ज अजून फेकलेला नाही. तुमच्या गावच्या विहारात शिकवशील का, असे विचारल्यावर म्हणाला, फळा आहे, खडू आणतो.