निवृत्तांचा सल्लागार: कमिशनपासून फीपर्यंत

निवृत्तीच्या पैशाबाबत सल्ला देणे हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून महाराष्ट्रात फार उशिरा उभा राहिला. सरकारी नोकर, शिक्षक आणि अनेक निमसरकारी कर्मचारी यांना पेन्शन होती. ती मरेपर्यंत मिळे, महागाईभत्त्याबरोबर वाढे आणि नवऱ्याच्या पश्चात बायकोलाही मिळे. गिरणी-कारखान्यातल्या कामगाराच्या हाती १९५२च्या कायद्याने भविष्यनिर्वाह निधी आणि १९७२च्या कायद्याने ग्रॅच्युइटी पडू लागली. या एकरकमी पैशाचे काय करायचे, हा प्रश्न होता; पण पर्याय मोजकेच होते: पोस्ट, बँक, आयुर्विमा महामंडळ (एलआयसी) आणि युनिट ट्रस्ट. त्यामुळे सल्ला देणारी माणसेही ठरलेली असत. एलआयसीचा एजंट, पोस्टाची आवर्त ठेव घरोघर गोळा करणारी महिला बचत प्रतिनिधी, सहकारी बँकेचा मॅनेजर किंवा ऑफिसातला एखादा जाणकार सहकारी.

या माणसांवरचा विश्वास निराधार नव्हता. १९५६मध्ये २४५ विमा कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून आयुर्विमा महामंडळ उभे राहिले, त्यानंतर तालुक्याच्या गावापर्यंत बचतीची सवय पोचवण्यात एजंटाचा वाटा मोठा होता. हप्ता थकला तर तो आठवण करून देई. घरातला कर्ता गेला तर दाव्याचे कागद भरायला बसे. पण त्याला पैसे पॉलिसी विकण्याचे मिळत होते. विमा कायद्यानुसार दीर्घ मुदतीच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षीच्या हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के आणि पुढे पाच टक्के कमिशन देता येत असे. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या माणसाला नव्या एन्डोमेंट पॉलिसीची गरज क्वचितच असते. ‘गरज नाही’ असे सांगणाऱ्या एजंटाला मात्र त्या दिवशी काहीच मिळत नसे. पुढच्या सगळ्या इतिहासातला पेच इथेच आहे: सल्ला फुकट दिसे, कारण त्याची किंमत मालाच्या किमतीत दडलेली असे.

व्याजदर चढे होते तोवर हे फारसे बोचले नाही. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीवर १९८६पासून १२ टक्के व्याज होते आणि ते करमुक्त होते. जानेवारी २००० पासून हा दर उतरू लागला. एप्रिल २०२०पासून तो ७.१ टक्के आहे. दर उतरू लागला त्याच सुमारास, २०००-०१मध्ये, सरकारी बँकांच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेतून एक लाखाहून अधिक कर्मचारी मोठ्या रकमा घेऊन बाहेर पडले. मग २ जुलै २००१ रोजी युनिट ट्रस्टने ‘यूएस-६४’ या योजनेची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली. १९६४पासून चालत आलेली ही योजना मध्यमवर्ग सरकारी ठेवीसारखीच समजत होता. प्रत्यक्षात तिचा मोठा पैसा शेअर बाजारात होता आणि युनिटची किंमत मालमत्तेच्या खऱ्या मूल्यावर ठरत नव्हती. हे सांगणे ज्याचे काम होते असा मधला माणूस त्या व्यवस्थेत नव्हताच. वितरक होते, सल्लागार नव्हते.

सहकारी बँकांनीही हाच धडा दिला, आणि महाराष्ट्राला तो अधिक जवळचा. ओळखीचे संचालक, मराठीत बोलणारा काउंटर, अर्धा-एक टक्का जास्त व्याज, यामुळे निवृत्तीचा सगळा पैसा एकाच बँकेत ठेवणारी घरे असंख्य होती. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३मध्ये निर्बंध आले आणि २०२२मध्ये तिचा परवाना गेला. सप्टेंबर २०१९मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते. ठेवविम्याची मर्यादा १९९३पासून एक लाखावरच अडकलेली होती. फेब्रुवारी २०२०मध्ये ती पाच लाख झाली. ठेवी दोन-तीन बँकांत विभागाव्यात आणि व्याजासह प्रत्येक बँकेतली रक्कम विम्याच्या मर्यादेत ठेवावी, एवढा एक सल्ला अनेक घरांना वाचवू शकला असता. त्यात कुणाला कमिशन नव्हते, म्हणून तो कुणी दिला नाही.

दरम्यान पेन्शनचाच पाया बदलला. केंद्राच्या नव्या नोकरभरतीला १ जानेवारी २००४पासून आणि महाराष्ट्र शासनाच्या नव्या कर्मचाऱ्यांना १ नोव्हेंबर २००५पासून जुनी पेन्शन राहिली नाही. खासगी क्षेत्रात १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेत किमान रक्कम २०१४मध्ये महिना हजार रुपये ठरली. हजार रुपयांत म्हाताऱ्या माणसाचा औषधांचा खर्चही भागत नाही. आयुष्यभर पुरेल अशा उत्पन्नाची आखणी आता ज्याची त्याने करायची होती, आणि नेमक्या याच वर्षांत विक्रीचा जोर सर्वाधिक होता. बँकांचे रिलेशनशिप मॅनेजर ठेव मोडायला लावून युलिप, म्हणजे बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी, गळ्यात मारत; पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला मोठा हिस्सा शुल्कात जाई. म्युच्युअल फंडात शिरतानाच सव्वादोन टक्के कापले जात.

सुधारणांची खरी सुरुवात २००९ची. १ ऑगस्टपासून भांडवल बाजाराची नियामक असलेल्या सेबीने म्युच्युअल फंडांवरचा हा प्रवेशभार बंद केला. त्याच वर्षी धीरेंद्र स्वरूप यांच्या समितीने सर्वच किरकोळ वित्तीय उत्पादने २०११पर्यंत कमिशनमुक्त करण्याची शिफारस केली. ती पूर्णपणे अमलात आली असती तर आजचे चित्र वेगळे दिसले असते. पण विम्याचे नियमन सेबीकडे नव्हते. एप्रिल २०१०मध्ये सेबीने चौदा आयुर्विमा कंपन्यांना युलिप विकायला मनाई केली, तेव्हा दोन नियामकांत उघड वाद झाला आणि जूनमध्ये सरकारने वटहुकूम काढून तो विमा नियामकाच्या बाजूने मिटवला. सप्टेंबर २०१०पासून युलिपवरचे शुल्क आटोक्यात आले. पारंपरिक पॉलिसींचे कमिशन मात्र चालू राहिले. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेवरचे एजंटचे कमिशन डिसेंबर २०११मध्ये बंद झाले. निवृत्तांसाठी देशातल्या सर्वांत सुरक्षित योजनांपैकी ही एक; २०२३पासून तीत तीस लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. तिची शिफारस करण्यात विक्रेत्याचा काडीचाही फायदा उरला नाही.

जानेवारी २०१३मध्ये म्युच्युअल फंडांच्या वितरकाचे कमिशन नसलेल्या ‘डायरेक्ट’ योजना आल्या आणि सेबीचे गुंतवणूक सल्लागार नियम प्रसिद्ध झाले. मालाच्या कंपनीऐवजी ग्राहकाकडून फी घेणारा, ग्राहकाचे हित आधी पाहण्याचे कायदेशीर बंधन असलेला नोंदणीकृत सल्लागार प्रथमच अस्तित्वात आला. २०२०च्या दुरुस्तीने एकाच कुटुंबाला सल्लाही द्यायचा आणि त्यांच्याकडून कमिशनही कमवायचे, याला बंदी आली. निव्वळ वितरकांना ‘स्वतंत्र वित्तीय सल्लागार’ म्हणवून घेता येईना. सल्लागाराला रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला असलेल्या राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेच्या परीक्षा द्याव्या लागतात. ठरावीक फीची कमाल मर्यादा आधी कुटुंबामागे वर्षाला सव्वा लाख होती, आता ती १ लाख ५१ हजार आहे. नोंदणी क्रमांक सेबीच्या यादीत कुणालाही तपासता येतो, करार लेखी असावा लागतो, आणि गुंतवणुकीचा पैसा सल्लागाराच्या खात्यात कधीच जात नाही. खात्री करायला निवृत्त माणसाकडे याहून सोपी साधने पूर्वी कधी नव्हती.

तरीही देशभरात असे सल्लागार हजाराच्या आसपासच आहेत, आणि तेही बहुतेक मोठ्या शहरांत. एलआयसीचे एजंटच तेरा लाखांच्या वर. डॉक्टरला, वकिलाला फी देणारे घर पैशाच्या सल्ल्याला फी द्यायला कचरते, कारण फुकट सांगणारा दारात उभा असतो. फुकटाची किंमत किती पडते ते मार्च २०२०मध्ये दिसले. येस बँकेचे ८,४१५ कोटींचे ‘एटी-१’ रोखे, म्हणजे बँक अडचणीत आली की बुडीत काढता येणारे रोखे, शून्य झाले. हे रोखे मुदत ठेवीपेक्षा जास्त व्याजाचे म्हणून किरकोळ ग्राहकांना विकले गेले होते आणि त्यांत ज्येष्ठ नागरिकही होते. जोखीम नीट न सांगता विक्री केल्याबद्दल सेबीने २०२१मध्ये बँकेला २५ कोटींचा दंड केला.

नियमांनी गुंतवणुकीची बाजू बरीच सावरली. म्हातारपणातल्या शुश्रूषेची बाजू मात्र अजून उघडीच आहे, आणि चांगल्या सल्लागाराची खरी पारख इथेच होते. आरोग्यविमा मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांचा खर्च देतो. घरी ठेवलेली बाई, ब्युरोतून येणारा अटेंडंट, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची वर्षानुवर्षांची देखभाल यांचा खर्च सहसा कुटुंबाच्याच खिशातून जातो. २०२४मध्ये आरोग्यविम्याची पॉलिसी घेण्याची ६५ वर्षांची वयोमर्यादा गेली आणि २०२५मध्ये ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करायला नियामकाशी आधी चर्चा करण्याची अट आली. पण शुश्रूषेचा विमा असा प्रकार भारतात रुजलेलाच नाही. राहते घर तारण ठेवून नियमित रक्कम देणारे, २००७मध्ये आलेले उलट गृहकर्जही रुजले नाही, कारण राहते घर मुलांसाठी ठेवण्याची ओढ मोठी.

घराचीच गोष्ट निघाली की सल्ला कायद्याच्या हद्दीत शिरतो. महाराष्ट्रात राहते घर पती-पत्नी, मुले किंवा नातवंडांना बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क अवघे दोनशे रुपये आहे, म्हणून अनेक जण हयातीतच घर मुलाच्या नावे करून मोकळे होतात. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे मुलाने सांभाळ केला नाही तर असे हस्तांतरण रद्द होऊ शकते. मात्र सांभाळाची अट असायला हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये म्हटले. २०२५च्या निकालात त्याने या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला. बक्षीसपत्रात अट लिहून ठेवणे, किंवा बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र करणे, हे दोन्ही पर्याय सही करण्याआधीच समजले पाहिजेत.

कुलमुखत्यारपत्राबद्दलचा गैरसमज याहून खर्चिक ठरतो. वडिलांनी मुलाला मुखत्यारपत्र दिले की पुढची काळजी मिटली, असे बहुतेक घरांत मानले जाते. करार कायद्याच्या कलम २०१नुसार देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते मुखत्यारपत्र संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केले, नेमक्या त्याच दिवशी ते निकामी होते. त्यानंतर खात्यातला पैसा औषधपाण्यासाठी वापरायलाही पालक नेमून घेण्यासाठी कुटुंबाला उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि मुंबई उच्च न्यायालयाने अशा नेमणुका केल्या आहेत. तोवर संयुक्त खाते, ‘दोघांपैकी कुणीही’ अशी सूचना आणि नॉमिनीची नोंद एवढ्यावरच घर चालते. ही तजवीज माणूस धडधाकट असतानाच करावी लागते.